पुढचं मशीन

बेंगळूरला जयनगरच्या त्या ऑफिसात तो आला तेव्हा मला तिथे दोन वर्षं झाली होती. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखलं ते कळेल.

आमची सात-आठ माणसांची कंपनी. परीक्षांचे निकाल इंटरनेटवर दाखवायचं काम साहेबांनी कुठून तरी मिळवलं होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं, लोक सायबर कॅफेत रांग लावून निकाल बघायचे. सगळी मांडणी माझी, पुण्याहून आलेल्या हुशार बाईची. तीन सर्व्हर, तिन्हींवर तेच निकाल, आणि पहिल्या पानावर तीन दुवे: हा उघडला नाही तर तो उघडा. पण माणसं पहिल्याच दुव्यावर तुटून पडत. पहिला सर्व्हर मान टाकायचा आणि बाकीचे दोघे नुसते बसून.

तो बेंगळूरचाच, इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला. मला अक्का म्हणायचा. त्याने रिसेप्शनवरचं टाकून दिलेलं जुनं मशीन उचललं आणि माझ्या तिन्ही सर्व्हरच्या पुढे बसवलं. आता जगाला एकच पत्ता. येणारी मागणी हे मशीन घेणार, तिघांपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे पाठवणार, आणि उत्तर स्वतःच नेऊन देणार. मागे तीन सर्व्हर आहेत हे बाहेर कुणाला कळणारही नाही.

"अक्का, स्वल्प इकडं बघा की, कसं चालतंय दाखवतो," म्हणत त्याने कागदावर चौकोन काढून मला अर्धा तास समजावलं. मी मान डोलावत होते. डोक्यात एकच चाललेलं: एवढं साधं मला का सुचलं नाही? त्यातलं एक अक्षर आत शिरलं नाही.

निकालाच्या दिवशी एकही सर्व्हर पडला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. आठवडाभरात आमच्यातून एकाला टीमचा प्रमुख नेमायचं होतं, आणि ती जागा मी दोन वर्षं माझीच धरून चालले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याची चूक शोधायला बसले.

आणि सापडली! सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो, ती कुठल्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून आली त्यासकट. माझ्या तिन्ही सर्व्हरवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, प्रत्येक ओळीत एकच पत्ता. म्हणजे एवढी गर्दी झालीच नव्हती, यानेच कुठून तरी खोट्या मागण्या सोडून स्वतःची वाहवा करून घेतली होती. मी खर्रखर्र आवाजात तीस पानं छापली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. जाताना आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

साहेबांनी त्याला बोलावलं. त्याने पहिलं पान पाहिलं, मग माझ्याकडे. तो पत्ता त्याच्या त्या मशीनचा होता. सगळ्या मागण्या त्या मशीनमार्फतच येत होत्या, मग माझ्या सर्व्हरना दुसरा कुणाचा पत्ता दिसणार? हे त्याने मला कागदावर दाखवलं होतं.

"चूक माझी, सर," तो म्हणाला. "खऱ्या पत्त्यांची नोंद पुढच्या मशीनवर होते. अक्कांना सांगायचं राहून गेलं."

मी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की राहिलं नाही, त्याने अर्धा तास घालवला होता माझ्यावर. मी टेबलावरच्या पानांच्या कडा जुळवत उभी राहिले.

"सरी, सरी, ठीक आहे," साहेब म्हणाले, पण कपाळावरची आठी गेली नाही. बरोबरच्या माणसाला एवढी गोष्ट न सांगणारा प्रमुख काय होणार, असं त्यांनी नंतर मला एकटीला बोलून दाखवलं. तेव्हाही मी गप्प. शनिवारी जागा मला मिळाली.

मी पेढे वाटले. पहिला पेढा त्यानेच उचलला, "छान झालं अक्का, तुम्हालाच मिळायला पाहिजे होती," म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठे तरी टोमणा, थोडी तरी जळजळ दिसावी, म्हणजे आम्ही दोघं सारखेच ठरलो असतो. काहीच दिसलं नाही. तो मनापासून पेढा खात होता, आणि त्याचा मला जितका हेवा वाटला तितका त्याच्या मशीनचाही कधी वाटला नव्हता.