गच्चीवरचा ठराव

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नालासोपाऱ्यातल्या आमच्या सोसायटीत नळाला जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. ते खालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवर चढवायचं, हे काम वॉचमनचं. नवरा-बायको जिन्याखालच्या खोलीत राहायची.

एका सकाळी तो दळण आणायला गेलेला असताना सेक्रेटरींनी स्वतःच पंप सुरू केला, आणि तो तसाच ठेवून ऑफिस गाठलं. खालची टाकी कोरडी पडली, पंप जळाला. त्यांना बटण दाबताना तिघांनी पाहिलं होतं: मी, शेजारचे मास्तर आणि समोरच्या बँकवाल्या बाई. तरी सेक्रेटरींनी नाव घेतलं ते वॉचमनचं. त्याला काढायचा ठराव रविवारच्या मीटिंगला ठेवला.

शनिवारी जिन्यात मास्तर तावातावाने म्हणाले, "सरळ सरळ अन्याय आहे. मी बोलणार." बाई म्हणाल्या, "तुम्ही सुरुवात करा, मी आहेच." मीही छाती पुढे काढून हो म्हणालो. जिन्यात आम्ही तिघंही वाघ होतो.

रविवारी गच्चीवरच्या मीटिंगला मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी त्या दोघांची वाट बघत राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, "काढायचं ना? हात वर करा." पुढच्या रांगेतले हात वर गेले, मग मागचे, मग मास्तरांचा, मग बाईंचा. शेवटी माझा. ऑफिसात साहेबाशी तोंड वर करून भांडणारी शिकलीसवरली माणसं आम्ही! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. आणि ते खोटंही नव्हतं. वर निर्लज्जपणा असा की, खुर्च्या उचलायला वॉचमनलाच हाक मारली. त्याने सगळ्या खाली नेल्या.

सोमवारी ती दोघं सामान बांधत होती. मी जुना शर्ट आणि डब्यात लाडू घेऊन गेलो. त्याच्या बायकोने डब्याला हातही लावला नाही.

"दादा, पंप कोनी चालू केला ते तुमी बघितलं ना?"

"हो."

"मंग हात कशाला वर केला?"

"सगळ्यांनीच केला होता," मी म्हणालो.