बक्कल लांबून दिसायला हवं

माझे हात कधी गप्प बसत नाहीत. टीव्ही बघता बघता मी चमचे घासायला घेते आणि सून वैतागते. "आई, स्टीलचे आहेत हो ते," ती म्हणते. स्टीलचे आहेत हे मला दिसतं. पण घासायला काही नसलं की मला सुचत नाही, आणि ही खोड मला नायगावच्या पोलीस लाइनीत लागली.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीतून तिथे गेले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटायला लागली होती. माहेरी वडील आणि धाकटा भाऊ दोघेही गिरणीत. नवरा मात्र पोलीस शिपाई. जावई सरकारी नोकरीतला मिळाला म्हणून आईनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. ह्यांचा निळा डगला, पिवळी टोपी आणि कमरेच्या पट्ट्याला पितळेचं मोठं बक्कल, त्यावर ह्यांचा नंबर. डगला धोब्याकडे जायचा. बक्कल आणि बटणं माझ्याकडे आली.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. पितळ म्हटलं की चिंच आणि राख, एवढंच मला माहेरून ठाऊक. देवाची समई घासावी तसं मी बक्कल घासलं. सकाळी झकास दिसत होतं. दुपारी घाम लागून त्यावर हिरवट डाग पडले आणि साहेबानं परेडच्या मैदानाला ह्यांना एकट्याला फेऱ्या मारायला लावल्या. घरी येऊन ह्यांनी पट्टा तेवढा माझ्यापुढे ठेवला. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग शेजारच्या हवालदारीणबाईंनी मला हाताशी धरलं. "चिंच आमटीत घाल गं बाई, बक्कलाला नको," म्हणाल्या. बाटलीतलं पॉलिश आधी खळखळून हलवायचं. नाकात जाणारा उग्र वास. ते चिंधीनं लावायचं आणि पांढरं पडेपर्यंत हात लावायचा नाही. हे हात न लावणंच मला जड जायचं. मग जोर लावून पुसलं की चिंधी काळी होते आणि पितळ वर येतं. आकड्यांच्या खाचेत पांढरं राहतं, ते काडीनं काढायचं. बटणं घासताना डगल्याला डाग लागू नये म्हणून पोस्टकार्डाला फट पाडून ते मागून सरकवायचं. आणि शेवटी लाल वडी. भांड्यांना पॉलिश करणारे चाकाला लावतात ती, साबणासारखी. ती मऊ सुतावर घासून त्या सुतानं बक्कल पुसलं की तोंड दिसायचं.

ते सूत माझा भाऊ आणायचा. गिरणीत मशिनी पुसायला तुटक्या सुताचे बोळे मिळत, त्यातले चांगले बाजूला ठेवून सुट्टीच्या दिवशी घेऊन यायचा. ह्यांच्याबरोबर बसून चहा प्यायचा, पत्ते खेळायचा, हरला की भांडायचा. दोघांचं चांगलं गूळपीठ होतं.

मग मोर्चे वाढले. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, हे आमच्या लाइनीतही सगळ्यांना वाटायचं, फक्त मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "मुंबई आपलीच. पण ड्यूटी ती ड्यूटी." भाऊ प्रत्येक मोर्चात पुढे. हे प्रत्येक बंदोबस्तात. लाठीमार झाल्याची बातमी आली की मी एकाच वेळी दोघांसाठी देवाला हात जोडायची आणि नक्की काय मागावं ते मला कळायचं नाही. एकाची काठी आणि दुसऱ्याचं डोकं एका गल्लीत येऊ नये, एवढंच रोज घोकायची.

भावानं येणं बंद केलं. मीच लालबागला गेले तर आमच्या घरच्या मालवणीत फणकारला, "तुझ्या घोवाचा बक्कल घासूक मी गिरणीचा सूत हाडूचंय नाय." नवऱ्याच्या बक्कलासाठी सूत आणणार नाही म्हणे! मी पण तोंडाला तोंड दिलं. तुझी बहीण त्याच पगारावर जेवते, म्हटलं. आईनं मध्ये पडून दोघांना गप्प केलं आणि मी पाणीही न पिता परत आले.

आणि काही दिवसांनी हाच पठ्ठ्या भलंमोठं गाठोडं खांद्यावर टाकून दारात हजर. नुसतं सूत! हे घरात नाहीत असं बघून हळूच म्हणाला, "घास गे ताय, बरा घास. लांबसून दिसूक व्हया."

"का रे? आता कसं सुचलं?"

"गच्चीत पोरां बसतत. नाक्यार बक्कलां चमाकली काय शिट्टी मारतत, मगे सगळी पांगतत."

मला हसू आलं आणि रडूही. त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी घासायला लागले. सकाळी घासायची, हे परत आले की पुन्हा घासायची, भात करपायचा. एवढं चमकवलं की परेडला साहेबानं ह्यांचं बक्कल सगळ्यांना दाखवलं आणि लाइनीतल्या बायका माझ्यावर चिडल्या. मग मी त्यांनाही सूत वाटलं, लाल वडीचे तुकडे पाडून दिले, शेजारणींच्या दारात बसून हात कसा फिरवायचा ते शिकवलं. हवालदारीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे हो!" अख्खी लाइन लखलखायला लागली. मोर्चातल्या माणसाचं सूत पोलिसांच्या पट्ट्यांवर फिरत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता, असं मी समजत होते.

असाच एक बंदोबस्त लालबागच्या बाजूला लागला. दिवसभर मी गॅलरीत फेऱ्या मारत होते. खाली डोकवायचं, आत यायचं, पातेल्याचं झाकण काढायचं, परत बाहेर. दिवेलागणीला हे आले. पट्टा काढला, बाकावर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, ऊन उतरलं की बक्कल चमकत नाही."

ह्यांना ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे.

"काय झालं त्याला?"

"गल्लीत सावली होती. शिट्टी वाजलीच नाही. तो समोरच आला." ह्यांनी बाकावरचा पट्टा गुंडाळायला घेतला. "माझ्या शेजारच्यानं काठी उचलली होती, त्याच्या डोक्यावर हाणायला. म्हणून आधी मीच मारली. पायावर. जोरात मारली गं, साहेब बघत होता. पडला तो. पुढे काय झालं मला माहीत नाही."

मी ह्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. ताट वाढलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

उजाडल्याबरोबर मी निघाले. वाहनं बंद होती, चालतच लालबाग गाठलं. भाऊ चटईवर आडवा, नडगी सुजून काळीनिळी झालेली, हाडवैद्य नुकताच बघून गेलेला. आई त्याला शेकता शेकता शिव्या घालत होती. "जिन्यावरसून पडलो म्हणता. डोळे फुटले हुते काय?" वडील खिडकीबाहेर बघत होते.

आई पाणी आणायला उठली तेव्हा मी त्याच्याजवळ वाकले. त्यानं माझा हात धरला. "भावोजींका सांग, हाड मोडूक नाय." आणि आई येत नाही ना ते बघून, "कोणाक कळूक नाय म्हणान सांग."

ह्यांची लॉरी त्या दिवशी लवकर सुटणार होती. मी जी उठले ती परळपर्यंत धावत सुटले, मग धाप लागली, मग पुन्हा धावले. हा माणूस ते ओझं घेऊन पुन्हा दिवसभर उन्हात उभा राहणार, हे मला सहन होईना. लाइनीत पोचले तर सगळे लॉरीत चढलेले. सगळे निळे, सगळे पिवळ्या टोपीचे, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्याकडे रीत नव्हती आणि इंजिन सुरू झालं होतं. मी ह्यांचा नंबर ओरडले. सगळी लॉरी वळून बघायला लागली.

हे मागच्या फळीपाशी आले. मी पदर सावरत, धापा टाकत म्हटलं, "हाड मोडलेलं नाही. तो म्हणतो, जिन्यावरून पडला."

लॉरी हलली. ह्यांनी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सगळ्या शिपायांच्या देखत, लहान मुलासारखं तोंड करून हे रडायला लागले.