एंटर कोणी दाबलं?

एक गोष्ट आधीच साफ सांगून टाकते — भूतबित, अंगात येणं, उतारे, या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. गेली अठरा वर्षं मी जळगावात कॉम्प्युटर शिकवते. 'मॅडम, आपोआप झालं' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, तू काय दाबलंस ते सांग, असं मी तोंडावर म्हणते. तर हे वाचून तुम्हाला मलाही तेच विचारायचं असेल तर खुशाल विचारा... मी स्वतः तेच विचारतेय.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथे माझा मोठा भाऊ घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. दहावी नापास माणूस, कॉम्प्युटर स्वतःच्या स्वतः शिकलेला. दोन वर्षांपूर्वी तो अचानक गेला. मागे राहिल्या वहिनी आणि त्याची पोरगी रोशनी.

या वर्षी रोशनीला नर्सिंगला सीट मिळाली, पण जात पडताळणीच्या अटीवर. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, रडत रडतच. "फुई, आजोबांच्या शाळेच्या नोंदीची प्रत अस्पष्ट आहे म्हणतात. उद्या पाचच्या आत स्पष्ट प्रत अपलोड करा, नाहीतर सीट गेली." (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात.) शाळेचं ते जुनं रजिस्टर वाळवीने केव्हाच खाल्लेलं. त्या पानाचं चांगलं स्कॅन जगात एकाच ठिकाणी होतं — भावाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये. वहिनी तो भंगारवाल्याला देणार होत्या, नशीब दिला नव्हता.

आतलं विंडोज मेलंय हे मला माहीत होतं. म्हणून रात्रीच पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी एक हलकं लिनक्स भरून घेतलं, जुन्या मशीनवर पेनड्राइव्हवरूनच चालणारं. आणि एक गोष्ट मुद्दाम केली, ती लक्षात ठेवा. मशीन सुरू होताना जो बूट मेनू येतो तो काही सेकंदांनी आपोआप पुढे जातो, तो टायमर मी काढून टाकला. जुन्या मशीनवर डिस्प्ले दगा देतो, सेटिंग हाताने टाइप करायला वेळ हवा म्हणून. म्हणजे आता कोणी एंटर दाबल्याशिवाय मेनू जागचा हलणार नाही, दिवसभर गेला तरी.

पहिल्या गाडीने चोपड्यामार्गे गावी पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. डब्बा मॉनिटर, पिवळा पडलेला सीपीयू. दोन्ही चालू केले. मेनू आला, एंटर दाबलं, अक्षरं सरसर वर गेली... आणि पडदा काळा. मधोमध एक चौकट — आउट ऑफ रेंज, म्हणजे येणारं चित्र या मॉनिटरला झेपत नाही.

मी हसले. मनात म्हटलं, एवढंच ना? परत चालू केलं, मेनूत रिझोल्यूशन कमी करून टाइप केलं. काळा. आणखी कमी केलं. काळा. नोमोडसेट अशी सूचना टाकून ग्राफिकचा साधा ड्रायव्हर घ्यायला लावला, रिफ्रेश रेट साठवर आणला. काळा, काळा, काळा! दर वेळी पाच-सहा मिनिटं जायची. धुळ्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, डिस्क काढून घेऊन या, माझ्याकडे जुन्या डिस्कचं कन्व्हर्टर आहे." तेव्हा बारा वाजले होते. तेव्हाच उठले असते तर आरामात काम झालं असतं. पण मी कॉम्प्युटरची मॅडम ना! म्हटलं, हे डबडं मला काय हरवणार.

साडेतीन वाजले. आता धुळ्याला निघूनही पोचता आलं नसतं. वहिनी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. हळूच म्हणाल्या, "ताई, आते काय करानं?" रोशनी कोपऱ्यात मोबाइलवर तोच अपलोडचा फॉर्म उघडून बसली होती. तिने आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. पोरीचं आयुष्य माझ्या हट्टापायी मातीत गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी सीपीयूचं बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं. कीबोर्ड उचलला आणि टेबलावर उपडा आपटला. मॉनिटर चालूच राहिला, त्याचा दिवा लुकलुकत होता. आणि मी मोठ्याने म्हणाले, "भाऊ, तूच बघ आता, मला नाही जमत!" मागे कोणी आहे का, याची लाजही वाटली नाही.

मग आम्ही तिघी मागच्या अंगणात गेलो. मी तोंड धुतलं, वहिनींनी हातावर पाणी घातलं, रोशनी माझी पाठ चोळत राहिली. पुढचं दार आतून कडी लावलेलं, कारण सकाळपासून लोक डोकावत होते. खोलीला एकच खिडकी, तीही बंद. घरात चौथं माणूस नाही. दहा मिनिटं गेली असतील, जास्त नाही.

परत आलो तर सीपीयूचा पंखा घरघरत होता. मॉनिटरचा दिवा मात्र बंद. कीबोर्ड सुलटा, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलेला.

त्या क्षणी मला काही वाटलं नाही हो. उलट चिडलेच, म्हटलं आता मॉनिटरही गेला! रागाने त्याचं बटण दाबलं. पडदा हळूहळू उजळला... आणि समोर डेस्कटॉप. अक्षरं मोठीच्या मोठी, अर्धं चित्र पडद्याबाहेर, पण डेस्कटॉप! रोशनी किंचाळली. माउस तिनेच धरला. भावाच्या फोल्डरमध्ये 'घरचे कागद', त्यात 'बाबांची शाळा'. पान इतकं स्वच्छ की हेडमास्तरांची सही वाचता यावी. पेनड्राइव्ह, त्यातून मोबाइल, मोबाइलवरून अपलोड... पोच आली तेव्हा पाचला बारा कमी होते. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

चहा घेताना मी म्हटलं, "वहिनी, बरं झालं तुम्ही बटणं दाबलीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी? मी त तुम्हना संगेच व्हतू."

मग भावाबद्दल म्हणाल्या, "त्या बी आसंच करेत. पहिले खालनी पेटी चालू करेत, टीव्ही बंद ठेयेत. मंग टीव्ही." गावात व्होल्टेज कमी, दोन्ही एकदम चालू केलं की मशीन बसायचं. म्हणून भाऊ आधी सीपीयू लावायचा, तो पुरता उठला की मगच मॉनिटर. रोजची सवय.

आता मला माहीत असलेलं सांगते. मॉनिटर बंद असेल तर लिनक्सला त्याची माहिती मिळत नाही, मग ते सगळ्यात लहान मोड घेतं, आणि तोच त्या डब्ब्याला चालतो. इथपर्यंत सगळं शास्त्र आहे. लाइट गेली-आली असेल, त्यात सीपीयू आपोआप उठला आणि मॉनिटर बंद राहिला, हेही मानते. पण मेनूवर एंटर कोणी दाबलं? टायमर मी स्वतः काढला होता. जळगावला येऊन पेनड्राइव्हची फाइल तीनदा उघडून पाहिली, काढलेलाच आहे. आणि उपडा कीबोर्ड सुलटा करणारी मांजर मी तरी पाहिली नाही.

मला भीती नाही वाटत. वाईट वाटतं. अठरा वर्षं मी जळगावभरच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवला, पण भावाच्या दुकानात कधी दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसले नाही. त्याला काय येतं, हे विचारलंच नाही. बसले असते तर मशीन कसं लावायचं ते सकाळी साडेदहालाच कळलं असतं.

रोशनी आता कॉलेजला जाते. उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. तोवर क्लासमधली नवी मशीनसुद्धा मी आधी चालू करते, थोडी थांबते, आणि मॉनिटर शेवटी लावते. पोरं विचारतात, मॅडम, असं का? मी सांगते, माझ्या भावाने शिकवलंय.