टोकावड्याचा परदेशी माड

बाबा टोकावड्याजवळच्या एका फार्महाउसवर माळी होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका चैत्रात, आळ्यात पाणी सोडता सोडता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि तिसऱ्या दिवशी मी शहापूरला कॉलेजात परत कामावर रुजू झाले. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते.

महिनाभराने मालकांचा फोन आला. "तुझ्या वडिलांनी लावलेल्या काटेरी माडाला पहिल्यांदाच फुलोरा आलाय. जात कोणती ते कळेल का?"

बी मालकांनीच परदेशातून आणलं होतं. ते विसरले होते. मी आठवण करून दिली नाही.

रविवारी कॉलेजातल्या आमच्या सरांना घेऊन गेले. खोडावर वीतभर लांबीच्या काळ्या काट्यांची वलयं होती. पाती खालून पांढुरकी. सर आकडे लिहीत होते, मी बुंध्याला टेप लावत होते. बाबा बसले ते हेच आळं, हे परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं.

"दक्षिण अमेरिकेतला दिसतोय," सर म्हणाले, "पण फळ पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही."

फळ पिकायला वर्षावर काळ गेला. मी ते हातोडीने फोडलं. आत चिकट पिवळा गर, मग टणक काळी कवटी. सर पुस्तकातलं वर्णन एकेक ओळ वाचत होते आणि मी हजेरी दिल्यासारखी "आहे, आहे" म्हणत होते. नाव निघालं: अ‍ॅक्रोकोमिया अ‍ॅक्युलिआटा.

कॉलेजच्या संग्रहासाठी वाळवलेलं पातं कागदावर चिकटवून मी खाली माहिती भरत होते. सरांनी विचारलं, "स्थानिक नाव?"

"साळूमाड. साळिंदरासारखे काटे म्हणून."

"कोण म्हणतं?"

"आमचे बाबा म्हणायचे."

"आणखी कोणी?"

"नाही."

सर म्हणाले, "एकट्याने ठेवलेलं नाव तिथे लिहीत नाहीत गं." मी तिथे आडवी रेघ मारली.

घरी आईने विचारलं, "गावलं का नाव?"

मी सांगितलं. तिने तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा चुकलं.

"जाऊ दे. जेवून घे गो," म्हणाली आणि भात वाढला. मी जेवले. रडू त्याही दिवशी आलं नाही.