रुमालाखालचं बोट

बायपासनंतर बारामतीच्या दवाखान्यात समुपदेशक मॅडमनी मला एक वही दिली. दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी रोज तीत लिहायच्या. मी शेळ्यांपासून सुरुवात करून बैलांच्या व्यापारात आलेला माणूस. सांगितल्या भावाला कधी हो म्हटलं नाही.

"तीन जमणार न्हाईत. एक देतो."

"दोन तरी लिहा, काका."

"एकच. न्हायतर वही ठेवा तुमच्यापाशी."

एकावर ठरलं. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज मनात धाकट्या भावाचा पाय मोडला.' दुसऱ्या दिवशी त्याचे दात पाडले. तिसऱ्या दिवशी त्याला विहिरीत ढकलून वरून दगड टाकला. मी छाती उघडी टाकून टेबलावर पडलो होतो, तेव्हा त्यानं माझी खिलार बैलांची जोडी लासुर्णे गावात विकली होती. मी परत येणार नाही, असं धरूनच.

मॅडमनी आठवड्यानं वही वाचली. "यात चांगलं काय आहे?"

"पाय मोडला, हेच."

"काका, छातीचं हाड तारेनं शिवलंय. हात उगारलात तर आधी तेच सुटेल."

मग त्यांनी भावालाच बोलावलं. तो आत आला आणि मी शिव्या सुरू केल्या. त्यानंही आवाज चढवला. मॅडम वैतागल्या. "बाजारात असेच बोलता का?"

बाजारात आम्ही बोलत नाही. हातावर रुमाल टाकून खाली बोटं दाबतो, भाव दोघांनाच कळतो. ज्यानं हात काढला त्यानं सौदा मोडला. मी रुमाल टाकला. त्याचं बोट सापडताच उलटं पिळलं. मोडायचंच होतं. सांधा कडकडला. त्याच्या कपाळावर घाम आला, माझ्या छातीत तापलेली सळई फिरली.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं, समेट चाललाय.

"हात काढ की," मी दात खाऊन म्हणालो.

"न्हाय काढत. सोडला तर उठून मारशील, दादा. तार सुटंल तुझी. बोटच मोड."

मी जोर लावून पाहिला. मग सोडलं.

जिना उतरताना त्यानं सुजल्या हातानंच माझा दंड धरला. बैलांचं माफ केलेलं नाही, हे मी त्याला प्रत्येक पायरीवर सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला, "खाली बघून उतर."