अखंड दिवा आणि वनमालाबाईंची दोन बोटं

घाटकोपरच्या त्या चाळीत देवापुढची जवळजवळ प्रत्येक वात वनमालाबाईंच्या हातची. कापूस निवडायचा, मांडीवर वळायचा, पुड्या बांधून दारोदार द्यायच्या, यावरच त्यांचं पोट. वात अशी सरळ की काजळी धरायची नाही.

त्यांचे यजमान लवू बाहत्तर साली गेले. माहुलकडच्या एका शेडमध्ये ते जुने ड्रम कापायचे. त्या दिवशीचा ड्रम रिकामा होता. रिकाम्याला काय भ्यायचं, म्हणून त्यांनी कटर लावला आणि आत कोंडलेल्या वाफेनं ड्रम फुटला. मालक दारात येऊन तेच तेच सांगत राहिला, "बाई, रिकामाच होता हो." ते शब्द वनमालाबाईंच्या कानातून कधी गेले नाहीत. पुढे चाळीत घरोघर गॅस आला, यांच्याकडे मात्र वातीचा स्टोव्हच. पोरीबाळी थट्टा करायच्या, "मावशी रॉकेलच्या रिकाम्या डब्यालापण घाबरतात!" त्या म्हणायच्या, "हसा गो. भरलेला दिसता तरी."

त्र्याऐंशीच्या नवरात्रात शेजारच्या जयंतीचा नवरा, श्यामकांत, हॉस्पिटलात होता. पोटाचं ऑपरेशन नेमकं अष्टमीला ठरलं. जयंतीनं घट बसवला, अखंड दिवा लावला. हातभर लांब वात वनमालाबाईंनीच वळून दिली होती. जयंती रोज दिव्यापाशीच निजायची. दिवा तेवतोय तोवर यांना काही होणार नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

अष्टमीला सकाळी ती पिठाच्या हातांनी दारात आली.

"वहिनी, तुमचा स्टोव्ह द्या ना जरा. पुरण अर्धंकच्चं आणि गॅस संपला. सिलिंडर आडवा करून पाहिला, परातीत गरम पाण्यात ठेवला, तरी ज्योत गेली ती गेलीच."

"बटन बंद केलंस काय गो?"

"अहो, संपलाय तो! संपलेल्याचं काय बंद करायचं?"

मांडीवरचा कापूस खाली पडला. वनमालाबाई तशाच धावल्या. उंबऱ्यातच वास आला. गरम पाण्यानं तळाचा उरलासुरला गॅस सुटला होता आणि जमिनीलगत पसरत होता. घट मांडला होता जमिनीवर, स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर. मागून आलेल्या जयंतीनं भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नको!"

वनमालाबाई घटापुढे वाकल्या. उभ्या जन्मात त्यांनी दिव्यावर फुंकर मारली नव्हती. दिवा शांत करायचा तो फुलाच्या पाकळीनं, हात जोडून. आज पाकळी शोधायला वेळ नव्हता. तांब्यात दोन बोटं बुडवून त्यांनी आपल्याच हातची वात चिमटीत धरली. चर्र झालं.

"वहिनी! काय केलंत हे! आज ऑपरेशन आहे ह्यांचं!"

"पाप लागला तर माका लागांदे."

त्यांनी गॅसचं बटण बंद केलं, मागचं दार उघडलं आणि सूप घेऊन, साचलेलं पाणी लोटावं तसा जमिनीलगतचा वास बाहेर लोटत राहिल्या. जयंती पायरीवर बसून रडत होती. गॅससाठी नव्हे, दिव्यासाठी.

वास गेल्यावर वनमालाबाई विझलेल्या दिव्यासमोर बसल्या. पाण्याचा घोट नाही, नुसते जोडलेले हात. बोटांवर फोड आले होते. संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन सुखरूप पार पडलं. तेव्हा कुठे त्या उठल्या, आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दुपारभर तोंड फिरवून बसलेल्या जयंतीनं ती बोटं आत्ता पाहिली. तिनं गुपचूप तुपाची वाटी आणली.

पुढच्या वर्षी घटस्थापनेला जयंतीनं काडेपेटी वनमालाबाईंच्या हातात दिली. चाळीतल्या शेवंतीकाकू पुटपुटल्या, "दिवा सवाष्णीनं लावावा, असं आहे बाई."

"काकू, गेल्या वर्षी या नसत्या तर आज कोण लावणार होतं? इथं भिंती तरी राहिल्या असत्या का?"

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला श्यामकांत हसला.

वनमालाबाईंनी काडी काढली, पण ओढली नाही.

"थांब गो," म्हणाल्या, आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण चाचपून आल्या.