पट्ट्याखालचं लोखंड

बाबूभाईंशी माझं पहिलं भांडण चहावरून झालं. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या टाकीतलं पाणी चहात घातलं की टायर चावल्यासारखं लागतं, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. मी नर्स. त्या चाकांवरच्या डब्यात महिन्यातले निम्मे दिवस मलाच काढायचे होते, तेव्हा बोलायचा हक्क माझा होता. ते नुसते हसले.

"साधनाबाई, वास नव्या टाकीचा आहे, जाईन काही दिवसांत. माह्या पट्ट्याले नाव ठेवू नोका."

हा माणूस सगळं ऐकून घेई, पण पट्ट्याबद्दल एक शब्द ऐकत नसे. ब्रह्मपुरीत बसस्टँडच्या मागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्या एका संस्थेनं गडचिरोलीच्या जंगलातल्या टोल्यांसाठी, म्हणजे लहान लहान वस्त्यांसाठी, फिरता दवाखाना काढायचं ठरवलं आणि बाबूभाईंनी ट्रॅक्टरला जोडायचा डबा बांधून दिला. आत तपासणीचं टेबल, हात धुवायचं बेसिन, स्टोव्ह, एका कडेला माझी खाट. तळाखाली, चाकांच्या मागच्या बाजूला, काळी चपटी प्लास्टिकची टाकी. उन्हाळ्यात ज्या टोल्यातल्या बायका हातपंपाशी ताटकळत उभ्या असतात, तिथं जाऊन आपण हात धुवायला त्यांचंच पाणी मागायचं, हे काही बरं दिसत नाही. म्हणून ही टाकी. भरली की धानाच्या पाच-सहा पोत्यांचं वजन.

एवढं वजन चालत्या गाडीच्या पोटाखाली टांगून ठेवायचं म्हणजे खेळ नव्हे. बाबूभाईंनी चासीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोखंडी पट्ट्या घालून टाकी झोळीत धरल्यासारखी धरली होती. पण खडबडीत रस्त्यावर लोखंड प्लास्टिकला घासतं आणि टाकी फाटते. त्यावर त्यांचा तोडगा म्हणजे तो प्रसिद्ध पट्टा. गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांत दगड वाहून नेणारे जाड रबरी पट्टे जुने झाले की भंगारात येतात. आमच्या भागात त्यांचं काय होत नाही ते विचारा. दाराच्या बिजागऱ्या होतात, ट्रॉलीचे चिखलरोधक होतात, बैलगाडीचं बसणंही होतं. बाबूभाई त्या पट्ट्यानं लोखंडी पट्टी चहूबाजूंनी गुंडाळत आणि तारेनं शिवून टाकत. बाहेरून नुसतं काळंभोर रबर, लोखंड दिसायचंसुद्धा नाही. पाण्याच्या टाकीची ट्रॉली करायची तर बाबूभाईंच्या पट्ट्याची, असं आरमोरीपासून नागभीडपर्यंत लोक म्हणत. ते कानावर आलं की बाबूभाई लग्नातल्या नवरदेवासारखे लाजत.

ट्रॅक्टर चालवायला त्यांचाच मुलगा नबील होता. बापाचा उजवा हात, पण बापासारखा बडबड्या नाही. त्याला नुकतीच मुलगी झाली होती, आयत. आम्ही दौऱ्यावरून परत आलो की तो आधी ट्रॅक्टर धुवायचा आणि मग अंगण ओलांडून लेकीकडे धावायचा, कारण जाहिदाभाभी, त्याची आई, डिझेलचे हात घेऊन बाळाला शिवू देत नसत.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर मला टाकीखाली तांबडे थेंब दिसू लागले. पट्ट्याच्या शिवणीतून गळायचे. मी बाबूभाईंना बोलावून दाखवलं.

"मुरुमाचा रंग आहे, बाई," ते हसून म्हणाले. "लाल रस्ता, लाल पानी. पट्टा पाहा ना कसा दिसून राह्यला, नवा कोरा."

पट्टा नवा कोराच दिसत होता. माझंही समाधान झालं, पण त्यांच्या त्या हसण्याचा राग आला तो आलाच.

पुढच्या फाल्गुनात आम्ही कुरखेड्याच्या पलीकडे एका टोल्याकडे निघालो होतो. बेसिनचा नळ गळत होता आणि बाबूभाई दुसऱ्या कुणाला त्या डब्याला हात लावू देत नसत, म्हणून त्या खेपेला तेही आले होते. डॉक्टर मागाहून जीपने येणार होते. सकाळची वेळ. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोहाची फुलं पडलेली, बायामाणसं टोपल्या घेऊन वेचत होती. टाकी काठोकाठ भरलेली, कारण अर्धी भरली की पाणी हेलकावे खातं आणि पट्ट्यांना हिसके बसतात, असा बाबूभाईंचा नियम होता. एका उतारावर डाव्या चाकाची हवा गेली.

नबीलनं जॅक लावला, चाक काढलं. स्प्रिंगचं एक पान तुटल्यासारखं वाटलं म्हणून तो उताणा होऊन आत सरकला. मी दारात उभी होते. खाली काहीतरी कट्‌कन वाजलं, मग जड असं काही बसल्याचा आवाज आला. पायाखालची फळी थरथरली. नबील ओरडला नाही. त्यानं फक्त "अब्बा" म्हटलं, आणि मी दारातून खाली उडी टाकली.

मागची लोखंडी पट्टी तुटली होती. टाकीचं मागचं टोक खाली येऊन नबीलच्या कमरेखाली बसलं होतं आणि पुढचं टोक उरलेल्या पट्टीला अडकून लोंबत होतं. बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत तो पडला होता. डोकं उताराकडे, पाय टाकीखाली. मी आडवी होऊन त्याच्या डोक्याशी सरकले. नाडी धावत होती, ओठ पांढरे पडले होते. पाय हलवता येतो का, विचारलं, तर त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

बाबूभाईंनी ट्रॅक्टरवरची सब्बल, लांब लोखंडी पहार, आणली आणि टाकीखाली घालून जोर लावला. टाकी उचलली गेली नाही, घसरली. बोटभर नबीलच्या पोटाकडे सरकली. वर डबा जॅकवर डुलला. नबील आता ओरडला.

"सब्बल काढा!" मी किंचाळले.

त्यांनी काढली. बाजूला टाकली. मग त्यांनी ती पुन्हा उचलली आणि टोक टाकीच्या अंगाला लावलं. मला कळलं, ते टाकी फोडणार होते. पाणी गेलं की वजन गेलं. कुणीही तेच केलं असतं.

"थांबा, बाबूभाई! पानी कुठी जाईन? इथीच येईन, त्याच्या तोंडावर!"

चाकोरी म्हणजे पन्हळच होती. टाकी फुटली असती तर सगळं पाणी एकदम त्याच चाकोरीतून नबीलच्या डोक्यावरून गेलं असतं आणि त्याला मान वर करायलाही जागा नव्हती. बाबूभाईंनी सब्बल खाली ठेवली. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवली, हे मला अजून आठवतं.

आरडाओरडा ऐकून मोह वेचणारी माणसं धावत आली. पुढे एक म्हातारी होती, गुणाबाई, आमच्याच दवाखान्यात गुडघ्यांची औषधं घ्यायची. तिनं एकदा खाली वाकून पाहिलं आणि पुरुषांना गोंडीत काहीतरी सांगितलं. त्यांनी ओंडके ओढून आणले आणि चासीखाली रचले. डबा आता कोसळणार नव्हता. टाकीत मात्र हात घालायलाही कुठून जागा नव्हती, फक्त वरून होती. माझ्या खाटेखाली टाकीचं झाकण होतं.

मी आत धावले, खाट उलटी केली, झाकण उघडलं. "येर," गुणाबाई म्हणाली. पाणी. तिनं आपला पाण्याचा गुंड, कळशीसारखा, माझ्या हातात दिला. मी बुडवून भरला, दारातल्या बाईकडे दिला, तिनं पुढच्या बाईकडे, आणि शेवटच्या बाईनं उताराच्या दुसऱ्या बाजूला रानात ओतला. गुंड, पातेली, माझा चहाचा डबा, जे हाताला लागेल ते. पहिल्यांदा वाटलं, होईल. मग माझा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि भांडं पाण्याला टेकेना. टाकी तिरपी झाली होती. झाकण उंच टोकाला आणि पाणी सगळं खालच्या टोकाला, नबीलच्या अंगावर.

"पाइप!" मी खिडकीतून ओरडले.

डिझेल काढायचा पाइप ट्रॅक्टरवर होता. बाबूभाईंनी एक टोक झाकणातून आत सोडलं, दुसरं घेऊन उताराच्या त्या बाजूला पळाले, गुडघे टेकून बसले आणि तोंडानं ओढू लागले. एकदा ओढलं, हवा. पुन्हा ओढलं, तोंडात डिझेल आलं, ते ओकले, तोंड पुसलं नाही, तसंच पुन्हा ओढलं. पाणी आलं. करंगळीएवढी धार. ती पाहून मला रडू कोसळलं, कारण तेवढ्या धारेनं टाकी केव्हा रिकामी होणार?

मी परत नबीलच्या डोक्याशी जाऊन पडले. तो गप्प होऊ लागला होता, आणि गप्प होणारा रोगी बोंबलणाऱ्यापेक्षा वाईट, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्याशी भांडू लागले. आयत चालायला लागली का, बोलते का, पोरीचं नाव कुणी ठेवलं. तो "हं" म्हणायचा. मग तेही थांबलं.

"नबील, डोळे उघड. तुह्या मायनं मले विचारलं तर मी काय सांगू?"

त्यानं डोळे उघडले. "पानी," म्हणाला. आमच्याभोवती सगळं रान पाण्यानं ओलं झालं होतं. मी रुमाल भिजवून त्याच्या ओठांना लावला.

बाबूभाईंना पाइपशी बसवेना. पाइप गुणाबाईच्या हातात देऊन ते मागच्या बाजूनं, पालथे पडून, टाकीखाली शिरले. कुणी अडवायच्या आतच शिरले. हातापायांवर होऊन त्यांनी पाठ टाकीला लावली. मी मधून मधून त्यांच्याकडे पाहत होते. कपाळाच्या शिरा तटतटलेल्या, डोळे मिटलेले. तोंडानं ते पुटपुटत होते, दुवा असावी. पाणी उतरत होतं, टाकी हलकी होत होती, आणि एका क्षणी त्यांच्या पाठीनं ती वितभर वर गेली.

"खिचो!" ते ओरडले.

मी आणि दोन गड्यांनी नबीलला काखेत धरून ओढलं. तो सुटला.

डॉक्टरांची जीप आली तोवर मी फळ्या बांधून, सलाइन लावून त्याला तयार केलं होतं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. जीव वाचला. पाय वाचला, पण आखूड झाला, आणि क्लच दाबायचा तो पाय त्याच कामाचा राहिला नाही. मी देवाचे आभार मानले आणि त्याच श्वासात बाबूभाईंना मनातल्या मनात शिव्याही दिल्या. दोन्ही मनापासून.

दुसऱ्या दिवशी बाबूभाईंनी डब्याखालचा पट्टा सुऱ्यानं कापला. आतलं लोखंड पापडासारखं हातात आलं. शिवणीतून आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. ते आतल्या आत लोखंड खात राहिलं, आणि वरचं रबर नवं कोरं दिसत राहिलं. बाबूभाईंनी पट्टा तिथेच टाकला. दुकानाला कुलूप लावलं, सायकलला सुरा आणि पाने बांधले आणि निघाले. आपल्या हातानं जिथे जिथे पट्टा लावला होता तिथे तिथे जायचं आणि तो कापून फेकायचा. लोक हसले. काहींना वाटलं, पोराच्या दुखण्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

एका बड्या शेतकऱ्याच्या, गुणवंतरावांच्या, अंगणात मी स्वतः होते. त्या दिवशी त्यांच्या गावात लसीकरण होतं. गुणवंतरावांची पाण्याची ट्रॉली म्हणजे गावाचा मान, प्रत्येक लग्नात जायची. ते काही पट्टा कापू देईनात.

"अरे बाबू, तुह्या हातचं काम आहे. लोकं पाहाले येतात. काऊन खराब करून राह्यला?"

"टाकी भरा," बाबूभाई म्हणाले. "आन् तुमी खाली झोपा. झोपत असान, तर मी जातो."

गुणवंतराव हसायला लागले आणि मग थांबले. बाबूभाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी गड्याला हाक मारली आणि टाकी रिकामी करायला सांगितली.

बाबूभाई खाली शिरले, सुरा घातला आणि पट्टा सोलून काढला. आतलं लोखंड ठणठणीत होतं. गंजाचा ठिपका नाही. गंज धरू नये म्हणून दिलेला लाल रंग जसाच्या तसा होता.

"पाह्यलं?" गुणवंतराव ओरडले. "म्या म्हटलं नोहतं? नसता उपद्व्याप!"

बाबूभाई बाहेर आले नाहीत. बराच वेळ झाला म्हणून मी वाकून पाहिलं. ते उताणे पडून त्या लाल पट्टीवरून तळहात फिरवत होते आणि अश्रू कानांकडे वाहत होते. मी विचारलं, काय झालं, लोखंड तर चांगलं आहे.

"चांगलंच राहीन ना, बाई," ते म्हणाले. "लोकाच्या गाडीले दोन-दोन हात रंग देल्ला मी, मंग पट्टा चढवला. दवाखान्याच्या डब्याले नाई देल्ला. नबील म्हणे, अब्बा, रंग राह्यला. म्या म्हटलं, घरचीच गाडी आहे, मंग देऊ."